पहिल्या केमोला जाण्याआधी
पहिल्या दिवशी बराच वेळ मोडणार, हे धरूनच जा. आर-चॉप म्हणजे लिम्फोमा या कॅन्सरवर काही औषधं मिळून दिली जाणारी केमो. त्यातलं रिटुक्सिमॅब हे औषध पहिल्यांदा मुद्दाम सावकाश सोडतात. थंडी वाजली, खाज सुटली तर लगेच नर्सला सांगा, सोसत बसू नका. त्यातलंच डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असतं, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते. मी रक्त समजून घाबरले होते! प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या 5 दिवसांत झोप उडते, म्हणून त्याच्या गोळ्या सकाळीच, खाऊन झाल्यावर घ्या. केस 2-3 आठवड्यांत गळू लागतात. ते परत येतात. खरं जपायचं ते केमोनंतर साधारण 7व्या ते 14व्या दिवसांत, तेव्हा जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात सगळ्यात कमी झालेल्या असतात. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. न विचारता पॅरासिटामॉल घेऊन तो दाबू नका. बोटांना मुंग्या आल्या, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.