आईचं रजिस्टर आणि पंधरा हजारांची सर्टिफिकेटं

अक्का,
मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. पहिली ते दहावी गावातच मराठी शाळेत शिकले. आता बेळगावात पीयू फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलंय, रोज बसनं जाऊन-येऊन करते. मला डॉक्टर व्हायचंय. माझा मावसभाऊ अमेरिकेत मेडिकलला अर्ज करतोय. तो हॉस्पिटलात फुकट काम करतो, डॉक्टरांच्या मागं फिरतो, आणि ते सगळं अर्जात लिहायचं असतं म्हणे. इथं एका सरांनी सांगितलं की आपल्याकडंही असंच बघतात, पंधरा हजार भरा, सहा महिन्यांत पाच सर्टिफिकेटं देतो. बाबा पैसे भरायला तयार आहेत, पण म्हणतात खो-खो बंद कर. एनसीसी घेऊ, वक्तृत्व करू, की रक्तदान शिबिरात जाऊ? माझ्याकडं दाखवण्यासारखं काहीच नाही. आई आशा कार्यकर्ती आहे, तिचं रजिस्टर तेवढं मी लिहून देते, कारण ते कन्नडात भरायचं असतं. फिजिक्समध्ये मार्क कमी पडतात, त्याचंही टेन्शन आहे.
— एक मुलगी

बाळ,

आधी बाबांना सांग, पैसे भरू नका. बाकीचं मग निवांत बोलू.

आपल्या देशात एमबीबीएसचा प्रवेश नीट या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर होतो. १८० प्रश्न, ७२० मार्क. त्यातले ९० प्रश्न बायोलॉजीचे, ४५ फिजिक्सचे, ४५ केमिस्ट्रीचे. त्यातून रँक येते आणि आपल्या राज्यात केईए, म्हणजे कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण, त्या रँकवर, आरक्षणाच्या नियमांनुसार, जागा देते. बेळगावच्या बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जायचं असो वा आणखी कुठं, वक्तृत्वाचं किंवा शिबिराचं सर्टिफिकेट बघून कुणी एक मार्क वाढवून देत नाही. त्या सरांना बाबांनी एकच गोष्ट विचारावी: ही सर्टिफिकेटं कुठल्या कॉलेजच्या कुठल्या फॉर्मला जोडायची, ते कागदावर लिहून सही करून द्या. बघा देतात का.

तुझा मावसभाऊ करतोय ते त्याच्या जागी बरोबर आहे. तिकडं आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि अर्जात जास्तीत जास्त पंधरा कामांची नोंद करायची जागा असते. त्यातली तीन सगळ्यात महत्त्वाची कुठली, तेही सांगावं लागतं. पुढं मुलाखत होते. त्याची वाट वेगळी, तुझी वेगळी. त्याच्यापुढं तू कमी पडतेस असं समजायचं काही कारण नाही.

एनसीसी आणि खेळ यांच्यासाठी केईएच्या विशेष प्रवर्गात मोजक्या जागा असतात, हे खरं. पण त्याला मोठ्या पातळीवरची कामगिरी लागते. आवड असेल तर एनसीसी जरूर घे, शिस्त लागेल, चार ओळखी होतील. सीट मिळेल या आशेवर मात्र घेऊ नको. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात, नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मग मुलाखत असते. तिथं व्यवस्थित बोलता आलं पाहिजे. रक्तदानाचं म्हणशील तर अठरा पूर्ण झाल्याशिवाय रक्त घेत नाहीत, तेव्हा तो विषय आत्ता नको.

आता कामाच्या कागदांचं सांगते. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांना कर्नाटकात १५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी शाळेचा दाखला आणि त्यावर बीईओची (गट शिक्षणाधिकाऱ्याची) सही लागते. ऐन गर्दीत त्या सहीसाठी धावपळ करणारे पालक मी बघितलेत, म्हणून आत्ताच शाळेत जाऊन चौकशी कर. दुसरं, महाराष्ट्रातल्या मेडिकल प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांसाठी काही जागा राखीव असतात. तुझं गाव यादीत आहे का आणि कुठले दाखले लागतात, ते तिथल्या सीईटी सेलच्या (सरकारी प्रवेश कक्षाच्या) त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं. बाबांना सर्टिफिकेटांची एवढी हौस आहे ना, तर या दोन दाखल्यांच्या मागं लागू देत.

खो-खो सोडू नको. दिवसभर बस, वर्ग, ट्यूशन, परत बस. त्यात संध्याकाळचा तो तासभर गेला तर रात्री पुस्तकापुढं बसून पेंगशील. मॅचसाठी परगावी जाणं दोन वर्षं कमी कर, तेवढं बाबांचं ऐक.

आणि पोरी, तुझ्या पत्रातल्या रजिस्टरच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कितवा महिना, लोहाच्या गोळ्या दिल्या का, कुठल्या बाळाचा डोस राहिलाय, कुणाच्या टीबीच्या औषधात खंड पडला, हे सगळं तू सोळाव्या वर्षी स्वतःच्या हातानं लिहितेस, तेही शाळेत नुसती एक भाषा म्हणून शिकलेल्या कन्नडात. आणि माझ्याकडं काहीच नाही म्हणतेस! मला तुझा फार अभिमान वाटला. एक मात्र कायम लक्षात ठेव. त्या रजिस्टरातलं एकही नाव मैत्रिणींपुढं काढायचं नाही, एकाही पानाचा फोटो मोबाईलवर टाकायचा नाही.

निवडायचंच असेल तर हेच काम निवड आणि थोडं पुढं ने. महिन्यातून एखादा रविवार आईबरोबर घरोघरी फीर. इंजेक्शन, औषध यात हात घालायचा नाही. नुसतं बघ. तीच गोळी एका बाईनं का घेतली आणि दुसरीनं डब्यात का ठेवून दिली, ते तुला तिच्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळेल. सुट्टीत आई कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात किंवा सिव्हिलला घेऊन जाते, तेव्हा तूही जा. आपल्या बायका तिथं खिडकीपाशी अडतात, पाटी वाचता येत नाही, समोरचं बोलणं कळत नाही. तिथं तू त्यांच्या वतीनं बोल. कन्नड तुला लिहिता येतंच, बोलायची भीड तिथंच मोडेल.

याबद्दल मी जरा आग्रहानं बोलते. उद्या तू बिम्सच्या ओपीडीत बसशील, तेव्हा सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगलकडची माणसं समोर येतील. कधीपासून दुखतंय म्हणून विचारलं तर म्हातारी तारीख सांगत नाही. यल्लम्माच्या पुनवेपासून म्हणते, जोंधळा काढत होतो तेव्हापासून म्हणते. हे तिच्याकडून थेट ऐकता आलं पाहिजे, मध्ये नर्सला घालून नव्हे. कन्नड चांगलं आलं म्हणून आपलं मराठीपण उणं होत नाही. घरात कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.

आणखी एक काम तुझ्याच गावातलं. खानापूरचं रान, पावसाळ्यातली भातलावणी, सर्पदंश तुमच्याकडं नवा नाही. कर्नाटकानं २०२४ मध्ये त्याची सरकारी नोंद बंधनकारक केली. साप चावला की अजून कुणी दोरी आवळतो, कुणी ब्लेड मारतो, कुणी मांत्रिकाकडं नेतो, आणि त्यातच वेळ जातो. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. मिरगाच्या आधी आईला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात विचार, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का. रात्री कुणाची जीप मिळेल, त्यांना विचारून दोन नंबर घे. ते नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरात लिहून दूध डेअरीवर, देवळात, शाळेत चिकटव. दोन रविवारांचं काम आहे.

एवढं पुरे. यापेक्षा जास्त काही अंगावर घेऊ नको, कारण तुझी खरी अडचण तू शेवटच्या ओळीत लिहिलीस. फिजिक्स. वाचलेल्या पंधरा हजारांतले थोडे चांगल्या ट्यूशनला घाल, आणि शेवटच्या तीन टेस्टचे पेपर पुढं घेऊन बस. किती प्रश्न सोडलेस, किती चुकले, चुकले ते गणितात अडले की प्रश्नच कळला नाही, वेगवेगळं मोज. नीटला सोडलेल्या प्रश्नाला शून्य, चुकलेल्याला उणे एक, म्हणून हा हिशेब लागतो. मराठी शाळेतून एकदम इंग्रजीत आलेल्या पुष्कळ मुलांचं घोडं प्रश्न समजण्यातच अडतं. तुझंही तसंच असेल तर उपाय वेगळा आहे. ते आकडे मला कळव, पुढच्या पत्रात फक्त फिजिक्सवर बोलू.

तुझी
अक्का