जुने डबे, जुन्या पाट्या

प्रश्न: न्यूयॉर्कला सबवेचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, रिटायर झालेले डबे म्युझियममध्ये ठेवलेत म्हणे, ते नुसते रंगवून उभे केलेत का? आपल्या नागपूर-नागभीड नॅरोगेजचं (अरुंद रुळांच्या रेल्वेचं) असं काही होऊ शकतं का हो? आणि स्टेशनांच्या जुन्या पाट्यांचं काय? – एक वाचक, इतवारी

उत्तर: नुसते उभे नाहीत, तीच तर मजा आहे! ब्रुकलिनमधलं कोर्ट स्ट्रीट हे भुयारी स्टेशन 1936 ला सुरू झालं, 1946 ला बंद पडलं आणि 1976 पासून तिथेच म्युझियम आहे, रूळ अजून चालू लाईनला जोडलेले असल्यामुळे जुने डबे अधूनमधून बाहेर काढून खरोखरच्या प्रवाशांना घेऊन पळवतात. अर्थात सगळेच वाचले नाहीत, 2001 ते 2010 मध्ये 2,500 च्या वर डबे माशांना घर म्हणून समुद्रात बुडवले, वाईट वाटतं वाचून.

पाट्यांचं म्हणाल तर जुन्या पाट्या लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भट्टीत भाजून केलेल्या असतात, म्हणून रंग वर्षानुवर्षं उडत नाही पण स्क्रूच्या भोकापाशी टवका गेला की गंज तिथूनच आत शिरतो, कोणाच्या घरी अशी पाटी असेल तर प्लीज वरून ऑईल पेंट मारू नका, कोरडी ठेवा बस.

आणि आपल्याकडे नागपुरात मोतीबागला नॅरोगेज म्युझियम 2002 पासून आहेच की! अडीच फुटी रुळावरची इंजिनं, डबे आहेत तिथे. नागभीड लाईन 2019 ला बंद झाली, तिच्या स्टेशनांच्या पाट्यासुद्धा तिथेच लागायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, रेल्वेला पत्र लिहा, मीही लिहितो.