किती जणी आत गेल्या, किती जणी बाहेर आल्या

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची, आता न्यू जर्सीत. वय ३८. २००८ साली मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलं, लग्नानंतर इकडे आले आणि एच-४ वरची, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावरची, सगळी वर्षं घरातच गेली. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. आता आरएन, म्हणजे परवानाधारक नर्स, व्हायचंच असं ठरवलं आहे. कम्युनिटी कॉलेजवाले (जवळचं सरकारी कॉलेज) म्हणतात, आधी चार-पाच विषय करा, मग अर्ज करा, नंबर लागायला दोन वर्षंही जातील. नफ्यावर चालणारी एक खासगी शाळा मात्र पुढच्या महिन्यात घ्यायला तयार आहे. २० महिन्यांत असोसिएट (बॅचलरच्या खालची) डिग्री, फी ६४,००० डॉलर. तिथली ॲडमिशनची बाई रोज फोन करते. तुम्हाला ग्रँट मिळेल, उरलेलं कर्ज आम्ही करून देऊ, आमचा निकाल ९२ टक्के आहे, असं सांगते. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर सीट जाईल म्हणते. नवरा म्हणतो, घेऊन टाक, वय वाढतंय. मला रात्र-रात्र झोप नाही. काय करू?

उत्तर : शुक्रवारी सही करू नकोस, एवढं मी तुला लगेच ईमेलने कळवलंच होतं. आता सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षभरात अशी पाच-सहा पत्रं आली आणि प्रत्येकीला कुणीतरी 'शुक्रवार' दिलेला होता.

तू ९२ टक्क्यांचं लिहिलंस, तिथूनच सुरू करते. १९९९ साली मी अशाच एका शाळेत एलपीएनच्या, म्हणजे आरएनच्या खालच्या पायरीच्या नर्सच्या, कोर्सला बसले होते. गालिचाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर शाळा. आत शिरल्याबरोबर भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं : परीक्षेचा निकाल ९१ टक्के. ते वाचून मी पैसे भरले. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी ३४ जणी होत्या. सहा महिन्यांत कुणाचे पैसे संपले, कुणाला मूल झालं, कुणी नापास झाली. शेवटच्या सत्रात उरलो १९. मग शाळेने स्वतःची एक शेवटची परीक्षा घेतली. त्यात ठरलेले गुण मिळाले नाहीत, तर शाळा तुमचे कागद परवाना देणाऱ्या नर्सिंग बोर्डाकडे पाठवतच नसे. हैतीची एक मैत्रीण माझ्या शेजारी बसायची. तिला एक गुण कमी पडला. दुसऱ्यांदा बसायचं तर पुन्हा फी. ती वहीची पानं एकेक करून सरळ करत बसली होती, माझ्याशी बोलली नाही. बोर्डाच्या परीक्षेला आम्हा ११ जणींना बसू दिलं. १० पास झालो. अकरातल्या दहा म्हणजे ९१ टक्के. पुढच्या बॅचसाठी भिंतीवरचं अक्षर बदलावं लागलं नाही.

त्यात खोटं काही नव्हतं. पण ३४ पैकी १० हा हिशेब त्या भिंतीवर कुठेच नव्हता.

म्हणून निकाल विचारताना भागाकार कशाने केला ते विचार. बोर्डाच्या परीक्षेचा, म्हणजे एनक्लेक्सचा, पहिल्या प्रयत्नातला निकाल शाळेच्या तोंडून ऐकायचाच नाही. न्यू जर्सी बोर्ड ऑफ नर्सिंग तो शाळावार जाहीर करतं, तिथे बघ, आणि एका वर्षाचा नाही, चार-पाच वर्षांचा बघ. २०२४ साली अमेरिकेत शिकून पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्यांचा देशभरातला निकालच सुमारे ९१ टक्के होता, त्यामुळे ९२ ही काही मिरवायची गोष्ट उरलेली नाही. २०२२ मध्ये देशाचा आकडा ८० च्या आसपास उतरला होता. त्या वर्षी या शाळेचं काय झालं, हे जास्त बोलकं. मग शाळेला ईमेल कर, फोन नको : तीन वर्षांपूर्वीच्या बॅचला पहिल्या दिवशी किती जण होते, त्यातले ठरलेल्या मुदतीत किती बाहेर पडले, आणि परीक्षेला बसू देण्याआधी तुमची कुठली परीक्षा असते का? चांगली शाळा दोन दिवसांत उत्तर पाठवते. जिथून उत्तराऐवजी पुन्हा फोनच येतो, तिथला विषय संपला समज.

आता पैसे. ग्रँटचं तुला जे सांगितलं ते चूक आहे. पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, ही ज्यांच्याकडे आधी बॅचलर डिग्री नाही त्यांच्यासाठी असते, आणि भारतातली बी.एस्सी.ही सहसा बॅचलर डिग्रीच धरली जाते. तू खालची असोसिएट डिग्री घेतलीस तरी नियम तोच. ग्रीन कार्डमुळे सरकारी कर्ज मात्र मिळू शकतं. तुझ्यासारख्या स्वतंत्र धरल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाला ९,५०० आणि दुसऱ्या वर्षाला १०,५०० डॉलर, ही कमाल मर्यादा. ६४,००० मधून २०,००० वजा कर. उरलेले ४४,००० 'आम्ही करून देऊ' म्हणजे खासगी कर्ज, आणि ते बहुधा नवऱ्याच्या सहीने. हा फरक मोठा आहे. शिकत असताना शाळाच बंद पडली, तर सरकारी कर्ज माफ होण्याची तरतूद आहे. खासगी कर्जाला ती लागू नाही. शाळा बंद पडणं ही काल्पनिक भीती नव्हे. नफ्यावर चालणारी कोरिंथियन कॉलेजेसची साखळी एप्रिल २०१५ मध्ये बंद झाली, तशीच आयटीटी टेक सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि आयटीटीत नर्सिंगचे वर्गही चालत. कोरिंथियनच्या ५ लाख ६० हजार माणसांचं ५.८ अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज माफ झालं, पण त्याची घोषणा व्हायला जून २०२२ उजाडला. सात वर्षं ती माणसं तो बोजा घेऊन फिरत होती.

रोज फोन करणाऱ्या बाईवर राग धरू नकोस, ती नोकरी करते आहे. पण ती तुझी सल्लागार नाही, हे नवऱ्याला नीट समजावून सांग. करारनामा घरी मागून घे आणि दोन कलमं शोध : मध्येच सोडलं तर किती पैसे परत, आणि भांडण झालं तर कोर्टात जाता येईल की फक्त लवादाकडे.

मला सगळ्यात जास्त मोल क्लिनिकलचं, म्हणजे हॉस्पिटलात पेशंटवर शिकण्याचं, वाटतं, आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. मी मेड-सर्जच्या, म्हणजे औषधोपचार आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटांच्या, वॉर्डवर वीस वर्षं काढली आणि नव्या नर्सना हाताखाली घेतलं. एका रात्री एक नवी मुलगी माझ्याबरोबर होती. हुशार, पुस्तक पाठ. एका आजींना लघवीची नळी घालायची होती. तिने निर्जंतुक हातमोजे अगदी बरोबर चढवले, ट्रे मांडला, डाव्या हाताने आजींना धरलं. तिथपर्यंत सगळं ठीक. मग जेली घ्यायला तोच डावा हात ट्रेकडे निघाला. एकदा पेशंटला लागला की तो हात निर्जंतुक राहत नाही, तो तिथून हलवायचाच नसतो. मी तिच्या मनगटाला हलकेच अडवलं. आम्ही नवा ट्रे उघडला. नंतर औषधांच्या खोलीत ती रडली. म्हणाली, ही नळी मी फक्त बाहुलीला घातली आहे, दोनदा. तिच्या शाळेचं प्रसूतीचं क्लिनिकल कॉम्प्युटरवर झालं होतं आणि बाकीचं बरंचसं एका नर्सिंग होममध्ये अंघोळी घालण्यात. दोष तिचा नव्हता. तिने पैसे पूर्ण भरले होते.

बाहुलीवर शिकणं वाईट नाही. नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास अशा सिम्युलेशनने भरले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत. पण तिथे साधनं चांगली होती आणि शिकवणाऱ्यांना त्याचं खास प्रशिक्षण दिलेलं होतं. तू शाळेला हॉस्पिटलांची नावं विचार. बाळंतपण कुठे, लहान मुलं कुठे, मानसिक आजार कुठे, एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी. नावं मिळाली की त्या हॉस्पिटलच्या शिक्षण विभागाला फोन करून विचार, या शाळेची मुलं तुमच्याकडे खरंच येतात का.

मान्यतेचं थोडक्यात. बोर्डाची मंजुरी असेल तर परीक्षेला बसता येतं, पण तेवढ्याने भागत नाही. नर्सिंगच्या कोर्सला एसीईएन, सीसीएनई किंवा सीएनईए या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी कुणाची मान्यता आहे का, हे त्या संस्थेच्या यादीत जाऊन बघ. उद्या बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, करायचं ठरवलंस, किंवा माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात अर्ज केलास, तर हाच प्रश्न येईल. आणि बीएसएनचा विचार तुला करावाच लागेल. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनना दहा वर्षांत ती डिग्री घ्यावी लागते. मी एलपीएन झाल्यावर कम्युनिटी कॉलेजात गेले, तेव्हा तिथल्या काउन्सेलरने माझं ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवलं आणि पेन्सिलने एकेका विषयावर रेघ मारत खाली आला. शेवटी पुढे धरता येईल असं एकही क्रेडिट उरलं नाही. ॲनॅटमी मी पहिल्यापासून केली, तीच हाडं, तेच स्नायू. म्हणून तुझ्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजला आणि सरकारी विद्यापीठाला आत्ताच विचार : या शाळेचे क्रेडिट तुम्ही घ्याल का? शाळा काय म्हणते याला अर्थ नाही, घेणारा ठरवतो.

आता ती गोष्ट, जी तुला कुणीच सांगितलेली दिसत नाही. तुझ्याकडे बॅचलर डिग्री आहे! दुसऱ्या विषयातली डिग्री असणाऱ्यांसाठी ॲक्सिलरेटेड, म्हणजे कमी मुदतीचं, बीएसएन असतं, साधारण १२ ते १६ महिन्यांचं, आणि ते सरकारी विद्यापीठांतही आहे. वीस महिन्यांत असोसिएट घेण्याऐवजी, आधीचे विषय झाले की त्याहून कमी काळात तू बीएसएन होऊ शकतेस. त्यासाठी आधी बी.एस्सी.चं मूल्यांकन करून घ्यावं लागेल, डब्ल्यूईएस किंवा कॉलेज सांगेल त्या संस्थेकडून. विद्यापीठाकडून गुणपत्रकं मागवायला वेळ लागतो, तेव्हा सांगलीला भावाला आजच फोन कर. मग ॲनॅटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी असे विषय कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी कर. मायक्रोबायॉलॉजीसुद्धा बहुधा पुन्हा करावी लागेल, कारण जुने सायन्सचे विषय पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत. वाईट वाटेल, पण त्या वर्गात सगळ्यात पुढे तूच असशील.

हे विषय तुला कुठल्याही वाटेने लागणारच आहेत, त्यामुळे हे वर्ष वाया जात नाही. आणि 'दोन वर्षं थांबा' ही एकाच कॉलेजची रांग आहे. न्यू जर्सीत १८ कम्युनिटी कॉलेजं आहेत, शिवाय हॉस्पिटलच्या जुन्या नर्सिंग शाळा. काही ठिकाणी रांग नसतेच, गुणांवर घेतात. चार ठिकाणी अर्ज टाक.

एवढं सगळं करून, मान्यता आहे, पाच वर्षांचे निकाल चांगले आहेत, आत गेलेल्या बहुतेक जणी बाहेर पडतात, हॉस्पिटलांची नावं खरी आहेत आणि फी झेपते आहे असं दिसलं, तर खुशाल त्याच शाळेत जा. मी अडवणार नाही. फक्त ते उत्तर येईपर्यंत पेन उचलू नकोस.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये असतो. मुलगी १८ वर्षांची. तिला नफ्यावर चालणाऱ्या एका विद्यापीठात बीएसएनला प्रवेश मिळाला आहे. फ्लोरिडाच्या बनावट डिग्र्यांचं प्रकरण झाल्यापासून मंडळातले लोक म्हणतात, अशा सगळ्या शाळा बोगस. पाठवू का नको?

उत्तर : फ्लोरिडाचं प्रकरण वेगळं होतं. जानेवारी २०२३ मध्ये उघड झालं, की तिथल्या तीन शाळांमधून ७,६०० च्या वर डिग्र्या आणि ट्रान्सक्रिप्ट शिकवल्याशिवाय विकली गेली. तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार घेणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तुमची मुलगी शिकायला जाते आहे, तिची तुलना त्यांच्याशी नको. नफ्यावर चालणारं सगळं बोगस हेही खरं नाही. चेंबरलेन विद्यापीठाचंच बघा : १८८९ साली सेंट लुईसमध्ये डीकनेस नावाने सुरू झालेली नर्सिंगची शाळा, २००५ मध्ये एका कंपनीने घेतली, आज देशातल्या मोठ्या नर्सिंग शाळांपैकी एक, आणि सीसीएनईची मान्यता असलेली.

टेक्सासचं बोर्ड पहिल्या प्रयत्नात किमान ८० टक्के निकाल मागतं, तिथून सुरुवात करा. वर सांगितलेले प्रश्न तुम्हालाही तसेच लागू. मुलीने मात्र अजून एक करावं. सरकारी विद्यापीठाच्या चार वर्षांच्या खर्चाशेजारी या फीचा आकडा तिने स्वतःच्या हाताने लिहावा, आणि पहिल्या पगारातून महिन्याला हप्ता किती जाईल ते काढावं. मग एखाद्या सकाळी क्लिनिकलला निघालेली तिसऱ्या वर्षाची मुलं पार्किंगमध्ये भेटतात, तिथे तिला घेऊन जा. तुम्ही गाडीतच बसा. तिला उतरू द्या, तिलाच विचारू द्या.