गांजा लीगल करायला मुंबईकर खरंच तयार आहेत का?

मित्रा, तू विचारलंयस की इन्स्टावरच्या पोलमध्ये बहुतेकांनी 'लीगल करा' म्हटलं, म्हणजे मुंबईतलं पब्लिक तयार आहे का. मला नाही वाटत. तो पोल भरतात कॉलेजची पोरं. हाच प्रश्न लालबागच्या चाळीत एखाद्या काकूंना विचार, वाक्य पुरं व्हायच्या आत नको म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यासमोर पुलाखाली पडलेले गर्दुल्ले येतात. आता ते ब्राउन शुगरवाले, म्हणजे हलक्या हेरॉइनच्या नशेतले, गांजाचे नाहीत, पण घरच्यांना हा फरक कोण समजावणार.

मात्र त्याच काकूंना विचार की शेजारचा पोरगा एका पुडीसकट सापडला तर जेलमध्ये टाकायचं का? मी विचारलंय बऱ्याच जणांना, इथे लोक थबकतात, म्हणतात अरे त्याचं करिअर बरबाद होईल, समज द्या, उपचार करा. माझ्या मते खरं जनमत हे आहे आणि पोलमध्ये ते येतच नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात, तरी त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भांगेची पानं मात्र या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत नाहीत, ती राज्यांवर सोडलीत. एम्सच्या २०१९ च्या सर्व्हेत वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले ३.१ कोटी लोक निघाले, त्यातले भांगवाले सोडले तरी उरलेल्यांना आत टाकणार कुठे?

अमेरिकेचं उदाहरण सगळे देतात, पण तिथेही जनमत हळूहळूच बदललं, गॅलप या सर्व्हे संस्थेच्या पोलमध्ये १९६९ ला फक्त १२ टक्के बाजूने होते, २०२३ ला ७० टक्के झाले, आणि मधे कॅलिफोर्नियाने १९९६ ला आधी औषध म्हणून परवानगी दिली. थायलंडने २०२२ ला एकदम मोकळं सोडलं आणि पुढे नियम परत आवळावे लागले.

म्हणून दुकानं उघडायला माझा विरोध आहे, कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा धोका वाढतो हे डॉक्टर कळकळीने सांगतात. पण पुडीवाल्या पोराला गुन्हेगार ठरवणं बंद झालंच पाहिजे. आणि तुझ्या ओळखीत कोणी अडकला असेल तर वकिलाला एनडीपीएसच्या कलम ६४ए बद्दल नक्की विचार, अल्प प्रमाणाच्या केसमध्ये व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळू शकते, अर्थात उपचार पूर्ण करावे लागतात, अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते.