‘निरपेक्ष सत्य’ म्हणजे कशाची अपेक्षा नसलेले सत्य?

प्रश्न असा आहे : इंदूरच्या एका वाचनमंडळात, उत्तराधुनिक विचार आणि त्याला ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरे या विषयावरची, हिंदीतून मराठीत आणलेली एक पुस्तिका वाचली जात होती. ‘उत्तराधुनिक विचारवंत निरपेक्ष सत्य नाकारतात, ख्रिस्ती श्रद्धा मात्र निरपेक्ष सत्यावर उभी आहे,’ या वाक्याशी मंडळी अडली. एकाने ‘निरपेक्ष सेवा’ आठवून ‘मोबदला न मागणारे सत्य’ असा अर्थ लावला. दुसऱ्याला ‘धर्मनिरपेक्ष’ आठवले आणि धर्मविषयक पुस्तिकेत तो शब्द विजोड वाटला. शब्द बरोबर आहे का, आणि त्याच्या जागी परम, शाश्वत किंवा वस्तुनिष्ठ यांपैकी एखादा चालेल का?

शब्द निर्दोष आहे, वाक्य मात्र ढिले आहे. शब्दापासून सुरुवात करू. संस्कृतात ‘अपेक्षा’ म्हणजे दुसऱ्या कशाकडे पाहणे, त्याची गरज असणे, ते जमेस धरणे. मराठीत हा अर्थ आकसत जाऊन ‘आशा’ किंवा ‘मागणी’ एवढाच उरला आणि त्यामुळे ‘निरपेक्ष’ म्हणताच आपल्याला समाजसेवक आठवतो. जुना अर्थ मात्र आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो, फक्त ओळखत नाही : ‘इंदूरपेक्षा उज्जैन लहान’ यातला ‘पेक्षा’ हा त्याच ‘अपेक्षा’चा झिजलेला अवशेष आहे. उज्जैनचे लहानपण इंदूरकडे पाहून ठरते, म्हणून ते सापेक्ष. जे ठरवण्यासाठी दुसऱ्या कशाकडेही पाहावे लागत नाही ते निरपेक्ष. राज्यघटनेच्या उद्देशिकेतील मराठीतला ‘धर्मनिरपेक्ष’ आणि आपली मुले शाळेत हिंदीतून म्हणतात तो ‘पंथनिरपेक्ष’ याच अर्थाने घडले आहेत : नागरिकाचा धर्म किंवा पंथ कोणता, हे जमेस न धरता चालणारे राज्य. तेव्हा विजोड वाटलेला शब्द आणि पुस्तिकेतला शब्द यांत विरोध नाही.

इंदुरात राहणाऱ्याला या शब्दाची आणखी एक छटा सहज कानी पडते आणि प्रस्तुत विषयात तीच सर्वांत उपयोगी आहे. जैन प्रवचनांत ‘द्रव्य की अपेक्षा से नित्य, पर्याय की अपेक्षा से अनित्य’ असे म्हटले जाते, तेव्हा ‘अपेक्षा’ म्हणजे ज्या बाजूने पाहिले ती बाजू, दृष्टिकोन. मूळ पदार्थाच्या बाजूने पाहिले तर वस्तू टिकणारी आहे, बदलत्या अवस्थांच्या बाजूने पाहिले तर टिकणारी नाही, आणि दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. याला घाईने ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणणे हा जैन दर्शनावर अन्याय होईल, कारण ते दर्शन केवलज्ञानही मानते. सर्व बाजू एकाच वेळी जाणणारा ज्ञाता त्यात संभवतो. सामान्य माणसाचे ज्ञान सापेक्ष आहे म्हणून वस्तूचे स्वरूपही लहरीवर अवलंबून आहे, असा निष्कर्ष तेथे निघत नाही.

नेमका हाच भेद पुस्तिकेतल्या वाक्यातून निसटला आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेसाठी १९७९ साली केलेल्या अहवालात उत्तराधुनिकतेची ओळख ‘महाकथनांविषयीचा अविश्वास’ अशी करून दिली (महाकथन म्हणजे सगळ्या इतिहासाचा आणि ज्ञानाचा अर्थ एकाच सूत्रात लावणारी मांडणी). त्यांचेच देशबांधव विचारवंत मिशेल फूको यांनी प्रत्येक समाजात सत्य ठरवण्याची एक व्यवस्था असते आणि ती सत्तेशी जोडलेली असते, असे मांडले. या दोघांचा मुख्य रोख माणसाच्या दाव्यावर आहे. कुठल्याही जागी उभे न राहता, भाषा आणि इतिहास बाजूला सारून, सगळे जसेच्या तसे दिसते असे म्हणणाऱ्याला ते अडवतात. म्हणजे त्यांनी प्रथम नाकारले आहे ते निरपेक्ष ज्ञान. सत्याचे काय, यावर त्या गटातच एकवाक्यता नाही, आणि रिचर्ड रॉर्टींसारखा अमेरिकन तत्त्वज्ञ तेथे बराच पुढे जाऊन, आपल्या भाषेबाहेर ‘सत्य’ वाट पाहत उभे असते ही कल्पनाच सोडून द्या, असे सुचवतो.

ख्रिस्ती उत्तरेही एकाच साच्याची नाहीत, त्यामुळे विशेषणही एकच पुरत नाही. अमेरिकन ख्रिस्ती लेखक फ्रान्सिस शेफर यांनी, ‘उत्तराधुनिक’ हा शब्द सर्वतोमुखी होण्यापूर्वीच, ‘सत्य’ हा शब्द इतका पातळ झाला आहे की ‘खरेखुरे सत्य’ असे दुहेरी म्हणावे लागते, अशी तक्रार केली होती. सत्य कोणी मानो वा न मानो, आपल्या मनाबाहेर आहेच, असे त्यांना म्हणायचे होते आणि त्यासाठी मराठीत ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द चपखल आहे. बायबलचे अभ्यासक डी. ए. कार्सन यांचे १९९६ सालचे प्रतिपादन याहून बारीक आहे : माणसाला सर्व काही कळत नाही यावरून त्याला काहीच खरे कळत नाही असे ठरत नाही, देवाइतके जाणणे आणि मुळीच न जाणणे यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. त्यांच्यासाठी ‘निरपेक्ष ज्ञान’ हे माणसाचे नव्हेच, तरी सत्य खऱ्या अर्थाने, अपुरे का होईना, कळू शकते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली काढलेल्या परिपत्रकात श्रद्धा आणि बुद्धी यांना सत्याकडे झेपावणारे दोन पंख म्हटले आहे; तेथे भर सर्वांसाठी आणि सर्वकाळ खरे असण्यावर असल्यामुळे ‘सार्वत्रिक’ किंवा ‘शाश्वत’ चालेल.

सर्वांत विचार करायला लावणारे उत्तर मला लेस्ली न्यूबिगिन यांचे वाटते, आणि ते आपल्याकडच्याच एका गोष्टीवर उभे आहे. न्यूबिगिन हे तमिळ प्रदेशात दीर्घकाळ काम केलेले मिशनरी; १९४७ साली दक्षिण भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा तिच्या पहिल्या बिशपांपैकी ते एक होते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण नेहमी ‘प्रत्येकाला सत्याचा तुकडा सापडतो, म्हणून कोणी हट्ट धरू नये’ एवढ्यासाठी सांगतो. न्यूबिगिन यांनी १९८९ साली विचारले की, ही गोष्ट सांगतो कोण? गोष्टीतल्या राजाला आणि दरबाऱ्यांना पूर्ण हत्ती दिसतो, म्हणूनच त्यांना आंधळ्यांची कीव करता येते. म्हणजे वरकरणी नम्र भासणाऱ्या या कथेत, इतर सर्वांना आंधळे ठरवून स्वतःला पूर्ण दर्शन झाल्याचा दावा निवेदकाने गुपचूप केलेला असतो. (गोष्टीतला राजा आपण सांगताना बहुधा गाळूनच टाकतो, त्यामुळे हा आक्षेप आपल्याला चटकन सुचत नाही.)

पण एवढे म्हणून न्यूबिगिन स्वतः राजाच्या सिंहासनावर जाऊन बसत नाहीत. मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाच्या आधारे ते म्हणतात की, सर्व ज्ञान, विज्ञानसुद्धा, कोणीतरी स्वतःला बांधून घेऊन, चूक ठरण्याचा धोका पत्करून केलेले असते. तरीही जाणणारा ते सर्वांसाठी खरे आहे अशाच भावनेने जगापुढे मांडतो. येथे अनुवादकाने फार जपावे. असे ज्ञान ‘वैयक्तिक’ आहे, ‘व्यक्तिनिष्ठ’ नाही. ‘मला हे नाटक आवडले’ हे व्यक्तिनिष्ठ. ‘हा मनुष्य निर्दोष आहे असे मी शपथेवर सांगतो’ हे वैयक्तिक, कारण साक्षीदार स्वतःची पत पणाला लावतो, पण बोलतो ते स्वतःच्या आवडीबद्दल नव्हे. न्यूबिगिन यांना ख्रिस्ती श्रद्धा ही साक्ष वाटते, आणि साक्षीला ‘निरपेक्ष’ हे विशेषण लावले तर ती साक्षच राहत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ या वचनानेही अशा विशेषणांची अडचण होते. तेथे सत्य ही व्यक्ती आहे. तिला वस्तुनिष्ठ म्हणणे कानाला खटकते. हिब्रूतील सत्यवाचक ‘एमेथ’ आणि प्रार्थनेच्या शेवटचे ‘आमेन’ एकाच धातूचे असून त्यांत टिकाऊपणा, भरवसा हा भाव आहे. ‘शब्दाला खरा उतरला’ असे आपण म्हणतो तेव्हा मराठीतला ‘खरा’ तेथवर पोचतो, ‘सत्य’ सहसा पोचत नाही.

‘परम सत्य’ मात्र या विषयात टाळावे. ते उच्चारताच मराठी वाचक पारमार्थिक (अंतिम) आणि व्यावहारिक (व्यवहारापुरती) सत्ता अशा, सत्याच्या दोन पायऱ्या मानणाऱ्या वेदान्ती मांडणीकडे वळतो आणि सुळावर दिलेल्या येशूची, एका काळी व एका ठिकाणी घडलेली हकिगत आपोआप खालच्या पायरीवर जाते, जे कोणत्याही ख्रिस्ती लेखकाला मान्य होणार नाही.

ल्योतार यांच्या संज्ञेसाठी काही जण ‘महाकथा’ लिहितात, तेही सोडावे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ जेम्स के. ए. स्मिथ यांनी २००६ साली दाखवले की, ल्योतार यांचा आक्षेप कथेच्या आकारावर नसून, स्वतः कथा असूनही केवळ सार्वत्रिक बुद्धीच्या बळावर सिद्ध झाल्याचा आव आणणाऱ्या मांडणीवर आहे. बायबलची कथा मोठी असली तरी श्रद्धेची मागणी उघड करते, म्हणून ती त्या आक्षेपात बसत नाही. ‘महाकथा’ शब्दाने हा युक्तिवाद वाचकाला कळणेच अवघड होते, ‘महाकथन’ने निदान काही परिभाषा आहे हे तरी जाणवते.

पुस्तिकेतले वाक्य मी असे लिहीन : ‘माणसाला निरपेक्ष ज्ञान होऊ शकते हे उत्तराधुनिक विचारवंत नाकारतात, अनेक ख्रिस्ती विचारवंत ते मान्य करूनही सत्य माणसाच्या मानण्यावर अवलंबून नाही, असे म्हणतात.’ लांबले खरे, पण वाद कशाबद्दल आहे ते कळते. याच पुस्तिकेत पुढे १८ एप्रिल २००५ रोजी कार्डिनल जोसेफ रात्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी वापरलेला ‘सापेक्षतावादाची हुकूमशाही’ हा शब्दप्रयोग आला असेल, तर तेथे शब्द बदलण्याचे कारण नाही. फक्त मराठीत आइन्स्टाइनच्या भौतिकशास्त्रालाही बरेच जण ‘सापेक्षतावाद’ म्हणतात, त्याला ‘सापेक्षता सिद्धांत’ म्हणावे, कारण त्या सिद्धांतात प्रकाशाचा निर्वातातील वेग सर्व निरीक्षकांना सारखाच असतो आणि ‘सगळेच सापेक्ष’ या मताला त्याचा आधार घेता येत नाही.