लेकीला आतड्यातलं औषध मोजायचंय

सप्रेम नमस्कार,

कराडजवळ तुमचं औषधाचं दुकान आहे. लेक बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दुकान सांभाळण्याऐवजी ‘आतड्यातून औषध किती शोषलं जातं ते मोजण्याचं’ काम करायचं म्हणते. यात नोकरी आहे की हा चार दिवसांचा नाद, असं तुम्ही विचारलंय.

नोकरी आहे. औषध कंपन्यांत आणि त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या संस्थांत यासाठी वेगळा विभाग असतो, त्याला डीएमपीके म्हणतात, म्हणजे औषध शरीरात किती पोचतं आणि कसं मोडतं ते तपासणारा विभाग. जागा मात्र क्वालिटी किंवा प्रॉडक्शनइतक्या नसतात, आणि त्या पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूसारख्या शहरांत. ती बाहेरगावी राहणार, हे आत्ताच धरून चाला.

‘नाद’ हा शब्द मला खटकला, म्हणून थोडं सांगतो. फेलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी तुम्हाला ठाऊक असेल. ती ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या फळाच्या रसाबरोबर घेतली की रक्तातलं तिचं प्रमाण सरासरी दुपटीहून जास्त होतं, हे कॅनडातल्या डेव्हिड बेलींच्या गटाने १९९१ साली दाखवलं. तो रस मुख्यतः आतड्याच्या अस्तरातलं सीवायपी-३ए४ हे औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतो. म्हणजे एरवी गोळीचा बराच भाग आतड्याची भिंत ओलांडतानाच मोडत होता! त्यामुळे आतड्यातून औषध नाहीसं झालं, एवढं मोजून भागत नाही. पलीकडे किती पोचलं आणि वाटेत किती मोडलं, हे वेगवेगळं मोजावं लागतं. कॅको-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माणसाच्या आतड्यातल्या पेशींचा थर सच्छिद्र पडद्यावर साधारण २१ दिवस वाढवून औषध किती झिरपतं ते बघतात. पण त्या पेशींत हे एन्झाइम फारच कमी असतं, म्हणून मोडण्याचा हिशेब त्यांच्याकडून मिळत नाही. कोणत्या पद्धतीला कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे कळणं मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं.

रस्ता सरळ आहे: जीपॅट ही प्रवेश परीक्षा, मग फार्मास्युटिक्स किंवा फार्माकॉलॉजीत एम. फार्म. नायपर, मुंबईची आयसीटी या शिक्षणसंस्थांची नावं तिला माहीत असतीलच. मी नावापेक्षा प्रयोगशाळा बघायला सांगेन. नमुन्यातलं औषध मोजणाऱ्या एलसी-एमएस यंत्रावर विद्यार्थ्यांना स्वतः हात चालवू देतात का, हे तिथल्या सीनियर मुलांना विचारावं. पुढे वरच्या पदासाठी बहुधा पीएच. डी. लागते. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करून ती वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहिली, तर दुकानाचा दरवाजा बंद होत नाही.

निर्णयाआधी एक करा. आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो. तिला कोंबडीच्या आतड्यावर प्रयोग करू द्या. पहाटे खाटकाकडून ताजं आतडं आणायचं, ऊती जिवंत ठेवणाऱ्या थंड क्रेब्स द्रावणात ठेवायचं, आतली बाजू बाहेर उलटवून टोकं बांधायची, औषधाच्या द्रावणात बुडवायचं आणि ऑक्सिजन सोडत ठरावीक वेळाने नमुने घ्यायचे. दोनेक तासांत ऊती मरायला लागते, सगळं त्याच्या आत. पहिले काही प्रयोग फसतीलच. फसल्यावर ती संध्याकाळी घरी काय बोलते ते ऐका, आणि मग मला पुन्हा लिहा.