सर्दीच्या विषाणूला रायबोसोम नसतो : वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गैरसमजातून आली आहेत. औषध पोटात गेलं की ते आपोआप ‘ताकद देतं’ किंवा ‘जंतू मारतं’, असं धरून चाललेलं दिसतं. औषधाला कुठेतरी जाऊन बसावं लागतं. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे पेशीतल्या एखाद्या रेणू-यंत्राची ठरावीक खाच असते. ती खाचच नसेल, तर गोळी कितीही महागडी असो, उपयोग शून्य.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय. दोन पायांचं प्रथिन मोठा गोळा ओढत चालतं आणि खाली लिहिलंय, ‘मेंदूत आनंद असा पोहोचतो’. खरं आहे का?

चालणं खरं, आनंद थाप. त्या प्रथिनाचं नाव कायनेसिन. ते ज्या दांडीवरून चालतं ती ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्यांची बनलेली असते. एक जोडी 8 नॅनोमीटरची, म्हणून कायनेसिनचं पाऊलही 8 नॅनोमीटरचंच. दर पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. एक पाय उचलला जातो तेव्हा दुसरा दांडी धरून असतो, त्यामुळे माल वाटेत सांडत नाही. आता विचार करा : कण्यातल्या पेशीपासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू मीटरभर लांब असतो आणि त्याच्या टोकाला लागणारा बराचसा माल कण्याकडून असाच ओढून न्यावा लागतो. वेगवान मालाला दिवसाला साधारण 400 मिलिमीटर जमतं. म्हणजे पावलापर्यंत दोन-तीन दिवस.

विन्क्रिस्टिन हे केमोतलं औषध याच ट्युब्युलिनला चिकटतं. कॅन्सरच्या पेशींचं विभाजन थांबतं, पण वाहतुकीचा रस्ताही बिघडतो. बोटांना मुंग्या, बधिरपणा सुरू झाला तर ‘केमो आहे, व्हायचंच’ म्हणून गप्प बसू नका. पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : हे औषध सदाफुलीतूनच काढतात ना? मग वडिलांना रोज चार पानं चावायला दिली तर?

काढतात हे खरं, पण पानं देऊ नका. आधीच देत असाल तर आज थांबवा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना तसं सांगा. चार पानांत कोणतं द्रव्य किती, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांनाही नाही.

प्रश्न : अॅसिडिटीची गोळी पॅन्टोप्राझोल जेवणाआधी की नंतर?

आधी, साधारण अर्धा तास. जठरातला आम्लाचा पंप चालू असेल तेव्हाच हे औषध त्याला पक्कं जोडलं जातं आणि पंप चालू होतात ते जेवणाने. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेत असाल तर मात्र डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : जिममधल्या ट्रेनरने ‘एटीपी बूस्टर’ कॅप्सूल सुचवली आहे. सतत थकवा असतो. घेऊ का?

पैसे वाचवा. एटीपी बनवणारं यंत्र तुमच्या पेशींतल्या प्रत्येक मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, आहे आणि ते अक्षरशः गरगर फिरतं. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या आसाला चमकणारा धागा जोडला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्राच्या कामाचा उलगडा केल्याबद्दल नोबेल मिळालं. आसाभोवती तीन जागा असतात. एका फेरीत प्रत्येक जागी एक, असे तीन एटीपी तयार होतात. दिवसभरात तुम्ही जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवता आणि वापरता. डबीतली कॅप्सूल मिलिग्रॅममध्ये मोजतात. हिशेब तुम्हीच करा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी12 तपासून घ्या, आणि रिपोर्ट ट्रेनरला नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सर्दी-खोकला झाला की मेडिकलवाले अॅझिथ्रोमायसिनची पट्टी देतात. दोन गोळ्यांत बरं वाटतं. उरलेल्या जपून ठेवल्या तर चालतील का?

चालणार नाहीत. आणि याचं उत्तर जरा लांबणार आहे.

अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक बसतं जिवाणूच्या रायबोसोममध्ये. रायबोसोम म्हणजे प्रथिनं विणणारं यंत्र. त्याची बारीक रचना 2000 च्या सुमारास उजेडात आली आणि 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी तिघांना मिळालं : अडा योनाथ, थॉमस स्टाइट्झ आणि चिदंबरमला जन्मलेले, बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन. त्या रचनेत दिसलं की अमिनो आम्लं जिथे जोडली जातात तो गाभा आरएनएचा (ए, यू, जी, सी या चार ‘अक्षरां’च्या साखळीचा) आहे आणि तिथून एक अरुंद बोगदा बाहेर निघतो. सोऱ्यातून शेव पडावी तशी नवी साखळी त्या बोगद्यातून बाहेर येते. अॅझिथ्रोमायसिन नेमकं बोगद्याच्या तोंडाशी अडकतं. साखळी थोडी वाढते आणि बहुतेक वेळा तिथेच तुंबते.

मग आपले रायबोसोम का तुंबत नाहीत? औषध जिथे टेकतं तिथे जिवाणूच्या आरएनएमध्ये 2058 क्रमांकावर ‘ए’ हे अक्षर असतं, आपल्याकडे त्या जागी ‘जी’. एका अक्षराचा फरक, पण औषधाला तिथे नीट बसता येत नाही.

आणि सर्दीचा विषाणू? त्याला स्वतःचा रायबोसोमच नाही. तो तुमचाच वापरतो. म्हणजे या औषधाला बसायला तिथे जागाच नाही. दोन गोळ्यांत बरं वाटलं, कारण सर्दी तशीही ओसरत होती.

नुकसान मात्र होतं. घशातल्या, आतड्यातल्या काही जिवाणूंकडे एक एन्झाइम असतं. ते त्याच ‘ए’वर दोन छोटे मिथाइल गट चिकटवतं, की औषधाला जागा बंद. एवढ्याशा बदलाने क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिकही निकामी होतं. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक पट्टीने बाकीचे मरतात, हे उरतात आणि ही युक्ती शेजारच्या जिवाणूंनाही देतात. आपल्याकडे टायफॉइडला अॅझिथ्रोमायसिन अजून उपयोगी पडतं. ते आपण सर्दीवर उधळतोय, याचा मला खरोखर राग येतो. चिठ्ठीशिवाय ही गोळी विकणं कायद्यात बसत नाही, हे दुकानदाराला माहीत असतं. शिवाय हृदयाची लय बिघडलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते. ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली, तर उरलेल्या गोळ्या शोधत बसू नका, दवाखाना गाठा. डॉक्टरांनी लिहून दिलेला कोर्स मात्र त्यांना न विचारता अर्धवट सोडू नका.

प्रश्न : आईला आणि मावशीला तरुणपणी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती. दोघींनाही ऐकू येईनासं झालं. मी एका मुलाची आई आहे. त्याला धोका आहे का?

असू शकतो, आणि विचारलंत ते बरं केलंत. आपल्या मायटोकाँड्रियात वेगळे, जिवाणूंच्या नात्यातले रायबोसोम असतात. काही घराण्यांत त्यांच्या आरएनएमध्ये 1555 व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ येतो. त्याची समोरच्या ‘सी’शी जोडी जमते आणि तिथली खाच जिवाणूतल्या, स्ट्रेप्टोमायसिन बसतं त्या खाचेसारखी होते. मग स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन तिथेही बसतात आणि कानातल्या पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. हा बदल आईकडूनच येतो, म्हणून आई, मावशी, तुम्ही, मुलगा ही साखळी महत्त्वाची.

जास्त डोसने हा बदल नसतानाही कान जातात, तेव्हा घाबरून निष्कर्ष काढू नका. रक्ताची जनुकीय तपासणी होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा जनुकीय समुपदेशकांना भेटा. तोवर मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर हा कौटुंबिक इतिहास ठळक लिहून ठेवा आणि दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर इंजेक्शन देण्याआधी तो सांगा. जीवावरच्या संसर्गात डॉक्टरांना तरीही हेच औषध योग्य वाटलं, तर नकार देण्याआधी त्यांच्याशी नीट बोला.